गाण्यांचा भाव आणि नाना

गिऱ्हाइकाने "काही कमी करा की" म्हटलं, की नाना निकम त्याच्या हातातली सीडी काढून घेत. हिसकावून नाही, लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तशी, सावकाश. मग काउंटरवरचं पिवळं फडकं उचलून ती दोन्ही बाजूंनी पुसत, जणू त्या शब्दांनी तिच्यावर काही सांडलं आहे, आणि परत फळीवर नेऊन ठेवत. "अहो, घेतो ना, देतो तेवढे पैसे," असं गिऱ्हाईक घाबरून म्हणालं तरी उपयोग नसे. नाना सीडीकडे बोट दाखवून सांगत, "आता ती नाय म्हणू राहिली."

औरंगपुऱ्यातल्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर माझा दातांचा दवाखाना आणि व्हरांड्याच्या पलीकडे, बरोबर समोर, नानांचं गाण्यांचं दुकान. मी तिथे पाटी लावली त्याच दिवशी हा प्रकार पाहिला आणि मनात म्हटलं, हा माणूस महिन्याभरात दुकान बंद करणार. पुढे कितीतरी वर्षं आमची दारं समोरासमोर उघडी राहिली. मी दिवसभर माणसांची तोंडं उघडून आत बघते. किडलेल्या दाढा, पू, तंबाखूने काळे पडलेले गाल. त्याची मला कधी किळस वाटली नाही. त्याच तोंडांतून समोरच्या दुकानात जे बाहेर पडायचं, त्याची मात्र वाटू लागली.

"गाणं हाय ते. सांजच्याला उरली म्हणून पाडून द्यायला मेथीची जुडी नाय," हे नानांचं ठरलेलं उत्तर. माझाच एक पेशंट, दाढेवर टोपी बसवून सुजलेल्या गालाने तिकडे गेला आणि घासाघीस करू लागला. नाना त्याला म्हणाले, "डॉक्टरीणबाईला इचारा, अर्धी दाढ काढून अर्धे पैसे घेत्यात का. घेत असतील तर या, मीबी तुम्हाला अर्धं गाणं देतो."

नाना पिशोरचे. घरची शेती थोरल्या भावाने सांभाळली आणि हे शिकायला म्हणून शहरात आले. शिक्षणात जीव रमला नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे काही वर्षं काढली, तिथे बिघडलेले रेडिओ ऐकता ऐकता कान तयार झाला, आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. बायको, म्हणजे नानी, गावीच असत. शनिवारी दुपारची एसटी धरून नाना कन्नडमार्गे पिशोरला जात आणि सोमवारी सकाळी परत येत. पांढरा शर्ट, सुती पायजमा, आवाज घोगरा. स्वतःला एक सूर धड लागत नसे. पण कुणी चांगलं गायलं की त्यांचे डोळे मिटत, आणि दुकानात चार माणसं उभी असली तरी गाणं संपेपर्यंत उघडत नसत.

लोकांची तक्रार एकच. गाणी महाग आहेत. कॅसेटी होत्या तेव्हा कॅसेटी महाग होत्या, सीड्या आल्या तेव्हा सीड्या महाग झाल्या. चार माणसांच्या जेवणाला हॉटेलात हसत हसत पैसे मोजून, ढेकर देत वर येणारी माणसं शेदीडशेच्या अल्बमला हात लावून तो खाली ठेवत आणि म्हणत, "स्वस्त करा हो, मग बघा लोक कसे घेतात." शेजारच्या गल्लीत एक मोबाइलवाला पेनड्राइव्हमध्ये हजार गाणी भरून द्यायचा, भजी तोलल्यासारखी. नाना म्हणत, "माणूस सस्त्यात दोन घेतो आन् एकबी ऐकत नाय. कद्र इकत भेटत नाय, बाई." मला तेव्हा हे त्यांच्या हेकटपणाचं वाक्य वाटायचं.

या माणसाने आयुष्यात एकदाच भाव उतरवला, त्याची ही गोष्ट.

चेलीपुऱ्यात हमीदाबी नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. लग्नघरी बायका ढोलक घेऊन बसतात आणि दखनी उर्दूतली गाणी म्हणतात. नवऱ्या मुलाची थट्टा, व्याहीणबाईची खोड, मधूनच माहेर सुटण्याचं असं काही की हसणाऱ्या बायका गप्प होतात. ती गाणी हमीदाबींना ढिगाने येत. नानांनी त्यांना कुठल्याशा लग्नात पडद्याआडून ऐकलं आणि वेडे झाले. महिनाभर चेलीपुऱ्याच्या फेऱ्या घातल्या. हमीदाबींचं म्हणणं, "मेरे गाने कौन खरीदता नाना? दीवाने हुए क्या तुमे?" शेवटी त्या तयार झाल्या. उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या स्टुडिओत, नानांच्या खर्चाने, गाणी भरली गेली. मुखपृष्ठावर हमीदाबींचा फोटो होता, मांडीवर ढोलक, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर आणि पुढचे दोन दात नसलेलं हसू. मी त्यांना दात फुकट बसवून देते म्हणाले होते. त्या म्हणाल्या, "नक्को बाई. हवा वहींच से निकलती, गाना वहींच से निकलता."

अल्बमची किंमत तीनशे ठेवली होती. काही विकले गेले, पण इतके थोडे की नानांनी विषयच काढू नये असं मला वाटे. येणारे हातात घेत, उलटसुलट बघत, "वा, काय दुर्मीळ काम केलंत" म्हणत आणि ठेवून देत. एक प्राध्यापक तर दर आठवड्याला येऊन नानांच्या चहावर लोकसंस्कृतीबद्दल बोलत. "शंभर करा, नाना. मी एकटा दहा घेतो. सामान्य माणसाला परवडलं पाहिजे." स्वतः ते सामान्य माणूस कुठल्या बाजूने होते, कोण जाणे, खाली त्यांची गाडी निम्मा रस्ता अडवून उभी असे.

तेवढ्यात हमीदाबी आजारी पडल्या. छातीचं दुखणं होतं, गाणं थांबलं. नाना भेटायला गेले की त्या एकच विचारत, "कोई सुनते क्या नाना?" नाना खोटं बोलण्यात कच्चे. एक दिवस तिथून परत आले ते थेट माझ्या दवाखान्यात येऊन बाकावर बसले.

"डॉक्टरीणबाई, भाव कमी करतो."

"तुम्ही?"

"मला पैसे नकोत. तिला सांगायला तोंड पायजे. मान्सं म्हणू राहिली ना, सस्तं केलं तर घेतो. बघू तरी."

शंभर केले. प्राध्यापकांना मुद्दाम निरोप पाठवला. ते आले, चहा प्यायले, म्हणाले, "छान केलंत. पुढच्या महिन्यात नक्की." मग पन्नास. मग जिन्याखाली फुटपाथवर टेबल मांडलं आणि वीस रुपयांची पाटी नानांनी आपल्या हाताने लिहिली. आता लोक थांबू लागले. थांबून काय करत? "वीसला म्हणजे चालते का तरी?" "पाचवर एक फ्री आहे का?" "कोण ही म्हातारी?" एकाने तर सीडी डोळ्यासमोर धरून तिच्यात बघत मिशी सारखी केली आणि ठेवून दिली. मी वरच्या गॅलरीतून हे बघत होते. हातातले मोजे बदलायला आत गेले आणि जरा जास्तच वेळ हात धूत राहिले.

आणि मग एके दिवशी नाना अक्षरशः धावत वर आले. प्लॉटिंगचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थांचा माणूस येऊन सगळा माल घेऊन गेला होता. टेबलावरचा, दुकानातला, पोटमाळ्यावरचा, सगळा. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. "लग्न, बाई! लग्नाची गाणी लग्नात गेली! पाव्हण्यांना वाटणार असतील. घराघरात जातील." म्हणजे लोकच खरे होते आणि मीच येडा, असंही ते आनंदाने म्हणाले. त्याच पावली चेलीपुऱ्याला गेले. हमीदाबींना इतका हुरूप आला की त्या उठून बसल्या. माल नेणाऱ्या माणसाने नानांना लग्नाची पत्रिकाही दिली होती. "मेरेकू ले चलो," त्या म्हणाल्या. "देखूंगी तो सही, कौन लोगां हैं."

लग्न दुपारचं होतं, बीड बायपासच्या एका लॉनवर. बाईमाणूस सोबत हवं म्हणून मीही निघाले. रिक्षा चेलीपुऱ्यात थांबली तेव्हा हमीदाबी दारात तयार होत्या. अंजिरी रंगाची कोरी साडी, डोळ्यांत सुरमा, आणि चादरीत गुंडाळलेलं ढोलक. नानांनी ते उचलून रिक्षात ठेवलं. कोणी गायला बसवलं तर, असं त्यांना वाटलं होतं, एवढं उघड होतं.

लॉनच्या कमानीतून आत शिरलो आणि वर बघितलं. खाण्याच्या स्टॉलवर, पाणीपुरीवर, आइस्क्रीमवर, फोटो काढायच्या कोपऱ्यात, सगळीकडे बारीक दोऱ्यांना सीड्या टांगल्या होत्या. शेकडो. पंख्याच्या वाऱ्याने त्या गरगर फिरत आणि उन्हाचे रंगीत ठिपके खाणाऱ्यांच्या तोंडावर, ताटांत, पुढारी मंडळींच्या फेट्यांवर पडत. पोरी त्यांच्याखाली ओठांचे चंबू करून फोटो काढत होत्या. नानांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. जवळ लटकणारी एक सीडी धरून तिच्यावरचं नाव वाचलं. मला वाचायची गरज नव्हती.

मला पाणी हवं होतं म्हणून मी मंडपामागे गेले. तिथे भांडी घासायची जागा होती. चिखलात पाय घसरू नये म्हणून वाढप्यांनी जमिनीवर कागद अंथरले होते. ती मुखपृष्ठं होती. हमीदाबींच्या हसण्यावर पनीरची ग्रेव्ही, चुरडलेला जिलबीचा तुकडा, चपलांचे ठसे. एका फोटोवर कोणीतरी पान थुंकलं होतं. पाणी न पिताच मी मागे फिरले. दातांच्या डॉक्टरला किळस येत नाही, असा माझा समज होता.

परत आले तेव्हा नाना यजमानांसमोर उभे होते. गृहस्थ वाईट नव्हते. तेच तर जास्त वाईट. हात जोडून, हसून बोलत होते. "काका, छान दिसतंय ना? डेकोरेशनवाल्याला आरशाचे तुकडे लावायचे होते. आरसे महाग पडत होते. तुमच्या सीड्या स्वस्तात मिळाल्या, काम झालं."

"एखादी ऐकली का?" नानांनी विचारलं.

"ऐकायचं काय त्यात?" त्यांनी खरंच कुतूहलाने विचारलं. मग, "जेवून जा हां, काका," म्हणून ते दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले.

नानांनी एक खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि वरची सीडी ओढू लागले. दोरा नायलॉनचा, तुटेना. ते खुर्चीवर डगमगत झोंबत राहिले. दोघातिघांनी फोन काढून शूटिंग सुरू केलं. "प्यायलेत वाटतं," कोणीतरी म्हणालं, आणि भोवतीची चांगल्या कपड्यांतली माणसं ताटं सांभाळत हसली. अखेर एक सीडी सुटली, पण नानांचा तळहात कापला गेला. मी त्यांना खाली उतरवलं, रुमाल बांधला.

हमीदाबी मागे खुर्चीवर बसून सगळं बघत होत्या. ढोलक अजून चादरीतच होतं. त्या म्हणाल्या, "चलो नाना. मेरेकू खाना नक्को."

पुढचे काही दिवस नानांनी दुकान उघडलं नाही. उघडलं तेव्हा माझ्याकडे हाताचे टाके दाखवायला आले आणि म्हणाले, "लोकांवर थुंकून काय करू? ईसाची पाटी माह्या हातची हाय. मीच तिची चमकी करून इकली. माहीच किळस येऊ राहिली मला." मी म्हटलं, हे हमीदाबींना जाऊन सांगा. ते एकटे जाईनात, म्हणून मी बरोबर गेले.

हमीदाबी बाजेवर टेकून बसल्या होत्या. नानांनी हात जोडले. म्हातारीने त्यांचा बांधलेला हात बघितला, "कित्ता कट गया?" म्हणून विचारलं, आणि मग जे बोलल्या ते मला जसंच्या तसं आठवतं.

"नाना, लोगां ऐसेच रहते. मैं पचास बरस शादियों में गाई. कौन सुनते थे? सब खाने कू बैठते थे, जेवर देखते थे एक दूसरे के. मैं दुल्हन के वास्ते गाती थी. वो एकच सुनती थी. उसकू उठके जाने कू आताच नै था!"

आणि त्या हसल्या. हसता हसता खोकल्या, पाणी प्यायल्या, परत हसल्या. नाना मात्र हसले नाहीत. त्या वर्षीच्या थंडीतच हमीदाबी गेल्या. मयतीला नाना मागे उभे राहिले, खांदाही दिला. प्राध्यापकांनी 'लोप पावणारा आवाज' म्हणून एक लेख लिहून आणून दाखवला. नानांनी तो वाचला, पिवळ्या फडक्याने काउंटर पुसला आणि म्हणाले, "सर, चहा संपला आता."

नानांनी अल्बमच्या नव्या सीड्या काढून आणल्या. आता किंमत पाचशे. "कमी" शब्द उच्चारायच्या आधीच ते सांगत, "खाली बसा, एक गाणं ऐका. मंग घ्या नायतर जा." बहुतेक लोक पहिल्या ओळीलाच घड्याळ बघत. फक्त जिचं लग्न ठरलं असेल त्या मुलीला अल्बम फुकट. ही हमीदाबींच्या नावाने त्यांनी सुरू केलेली एकमेव सवलत. पत्रिका दाखवायची आणि न्यायचा. मला वाटलं, चला, काहीतरी बरं झालं. दोन आठवडे गेले नाहीत तोच लोक भाचीच्या, शेजारणीच्या, दोन वर्षांपूर्वी झालेल्या लग्नाच्या पत्रिका घेऊन येऊ लागले. एक गृहस्थ आपल्या स्वतःच्याच लग्नाची पत्रिका घेऊन आले होते, तारखेवर अंगठा ठेवून. अंगठा काढायला लावल्यावर म्हणाले, "फुकटच आहे ना, मग तुमचं काय जातंय?"

"काय जातंय ते तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही आलाच नसता," नाना म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा थकलेलं पाहिलं. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं.

शेवटच्या दिवशी कधी नव्हे एवढी गर्दी लोटली. दुकान बंद होतंय म्हणजे सेल असणार, असं लोकांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. माझे पेशंट जिन्यात अडकले. एक बाई म्हणाल्या, "नाना, आज तरी कमी करा."

"आज जास्त हाय," नाना म्हणाले. "आज शेवटचा दिस हाय."

तासाभरात व्हरांडा रिकामा झाला. संध्याकाळी नानांनी उरलेली खोकी जीपमध्ये टाकली, माझ्या दारात येऊन म्हणाले, "येतो, बाई. दात सांभाळा लोकांचे, चावत्यात लई," आणि गेले. त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

मागच्या वर्षी नाना गेले. तेराव्याला मी पिशोरला गेले. शहरातले चारपाच ओळखीचे आले होते. पंगत उठल्यावर त्यांतला एक, दात कोरत, नानींजवळ गेला. "नानी, त्या म्हातारीच्या सीड्या पडून असतील ना? आता द्या की स्वस्तात. नाहीतरी वायाच जाणार." हे तेराव्याच्या अंगणात, अजून तोंडाला पुरणाची चव असताना. मी काही बोलणार, तेवढ्यात नानी म्हणाल्या, "या आत, ऐका तर खरं." त्याने घड्याळ बघितलं. कन्नडची गाडी चुकेल म्हणाला आणि चप्पल शोधू लागला.

आत नानी आणि मी दोघीच गेलो. माळवदाच्या खोलीत खोकी रचलेली होती आणि वर नानांचं जुनं यंत्र. नानींना ते लावता येईना, मी लावून दिलं. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "मला ह्यायनी कधी ऐकवलंच नाय. दुकानातली वस्तू दुकानात, म्हणायचे. आन् मीबी कधी इचारलं नाय."

सगळ्या शहराला खाली बसून ऐका म्हणणाऱ्या माणसाने दर शनिवारी ज्या घरी यायचं, तिथेच ते वाजवलं नव्हतं. नानांचाही थोडा राग आला, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

गाणी सुरू झाली. नानींना निम्मी दखनी समजे, निम्मी त्या ढोलकावरून ओळखत. व्याहीणबाईच्या गाण्याला त्या तोंडाला पदर लावून हसल्या, दुखवट्याचं घर आहे हे आठवून थांबल्या आणि परत हसल्या. माहेरच्या गाण्याला त्यांनी पाय जवळ घेतले. बाहेर भांडी घासल्याचा आवाज येत होता, कोणीतरी त्यांना दोनदा हाक मारली. त्या उठल्या नाहीत. सगळी गाणी संपली तेव्हा खोलीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं.

नानींनी विचारलं, "केवढ्याला इकत व्हते हे?"

मी सांगितलं, पाचशे.

नानींनी खोक्यांकडे बघितलं. म्हणाल्या, "कमीच व्हते."